पाल्याखालचं भात

१२ एप्रिल १९४३, सोमवार
मामलेदारांनी सगळ्या पाटलांना तालुक्याला, अकोल्याला बोलावलं. ब्रह्मदेश जपानने घेतला, समुद्र बंद, रंगूनचा तांदूळ येत नाही, मुंबई उपाशी. तेव्हा डोंगरातलं भात सरकारला घाला, लपवाल तर तुरुंग. वर म्हणाले, "पाटील, आपण मित्रराष्ट्रांच्या बाजूचे." मी मान हलवली. पाटलाचं दुसरं काम काय?
परत आल्यावर शेजारच्या वावरातल्या कोंडाजीला सांगितलं. म्हणाला, "भांडान त्यांचं समुद्रात अन् झडती आमच्या कनगीत व्हय?"

१५ एप्रिल
माझा एक बैल गेल्या साली मेला. कोंडाजीकडे आहेच एक. म्हणून आमची सावड, दोन्ही बैल एका नांगराला, आधी त्याचं वावर, मग माझं.
आता आणखी एक सावड झाली. पावसाळ्यात खायला लागेल एवढं भात दोघांनीही लपवलं. रोपांसाठी राब भाजायला रचलेल्या पाल्याखाली, त्याच्या गोठ्यामागे. जागा त्यानेच सुचवली. "तुमच्या घरी घावलं तर पाटीलकी जाईल. माझं काय जातंय?"
हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१० मे, सोमवार
झडती. चुगली कुणी केली देव जाणे. शिपायांनी पाला उपसला, पोती निघाली. "कुणाचं भात?"
को. ने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माझंच हाय, समदं."
मी पंच. सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.
त्याला घेऊन गेले. जाताना एवढंच म्हणाला, "पाटील, बैलाला पानी दावा."

१३ मे
ताट तसंच सारलं. ही म्हणते, "तुमी बोलला अस्ता तर दोघंबी गेला अस्ता. एक घर तरी वाचलं न्हवं?" हिचं बरोबर आहे, म्हणूनच संताप येतो. हिच्यावर ओरडलो. ओरडायचं होतं मामलेदारांपुढे.
को. च्या घरी तांदूळ पाठवले. त्याच्या बायकोने, तुळसाने, तसेच परत पाठवले. "आमची सावड बैलांची हाय म्हनावं. तांदळाची न्हाई."

२२ मे
को. ला जामीन पाहिजे. मी राहिलो तर डोळ्यावर येईल, मग विचारपूस... राहिलो नाही. भित्रा तो भित्राच.

५ जुलै, सोमवार
समन्स आलं. पुढल्या मंगळवारी अकोल्याला साक्ष. भात कोंडाजीचं होतं असं शपथेवर सांगायचं.
वावरात पाणी साचलंय, रोपं तयार आहेत, पण एका बैलावर चिखलणी होत नाही. त्यांचा बैल मागायला तोंड कुठे आहे?

८ जुलै
तुळसा पावसात इरलं पांघरून आपणच बैल घेऊन माझ्या बांधावर. मी म्हटलं, "आधी तुमचं वावर. ठरलंय तसं."
"न्हाई. यंदा आधी तुमचं. आमचं आमचा मानूस आल्यावर."
"रोपं थांबतील का तोवर?"
"ते मला काय इचारता?" मग बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "काय बोलायचं न्हाई, अशी शपथ घातलीया त्यांनी. मी काय बोलले का?"
नाही बोलली. दिवसभर तिच्या बैलाने माझं वावर तुडवलं. मला तिच्याकडे बघवेना.

१२ जुलै, सोमवार
माझी लावणी उरकली. तुळसाचं वावर तसंच, नुसतं पाणी. तिची रोपं वाढून पिवळी पडायला लागलीत. मी हल्ली वरच्या वाटेने जातो.
साक्ष उद्या. हिने भाकरी बांधून ठेवली. म्हणाली, "पाटीलकी बापजाद्यांची हाय, इसरू नका." विसरलेलो नाही. कोंडाजी पाटीलकीसाठीच आत बसलाय, हेही विसरता येत नाही.
उद्या विचारतील, भात कुणाचं.
दोन्ही बैल अजून माझ्याच गोठ्यात आहेत. आत्ता त्यांना पाणी दाखवून आलो. आधी त्याच्या बैलाला.