छत्तीस किलोंची विंगर

बाबा, दवनीवाड्याहून आपल्या घरी आलेल्या चिन्नोर तांदळाच्या पोत्याविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे. तुमचे श्राद्ध मी आजवर एकदाही चुकवलेले नाही. पण पिंडाच्या भातासाठी तांदूळ हाती घेतला की ते पोते आठवते आणि मंत्र म्हणता म्हणता चित्त ढळते. ज्याने पित्याविषयी संशय बाळगला, त्याच्या हातचे तर्पण पितरांना पोहोचते काय, हा प्रश्न मी कोणत्याही शास्त्र्याला विचारलेला नाही. उत्तर ठाऊक असल्यासारखे वाटते म्हणून.

नव्या शतकाचे पहिले दशक सरत आले होते. मी ज्या शाळेत संस्कृत शिकवीत असे तेथे शारीरिक शिक्षणाला शिक्षक नव्हता, म्हणून मुलींचा रग्बीचा संघ तुमच्या, एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त ड्रिल मास्तरांच्या, हाती सोपवला गेला. मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकून तुम्ही बसला आहात, शिट्टी गळ्यात आहे, काठी गुडघ्यांवर आडवी. लंबगोल चेंडू छातीशी धरून धावायचे आणि सोबतिणीला द्यायचा तर मागे फेकायचा, एवढेच मला त्या खेळातले कळले होते. मैदानाच्या अगदी कडेला असते ती विंगर. चेंडू हातोहात फिरून शेवटी तिच्यापाशी येतो, आणि समोरची विंगर सुटली तर तिला अडवायलाही बहुधा तीच एकटी उरते. केबलवरच्या कुठल्याशा सामन्यात एक धिप्पाड विंगर तिघांना झटकून पार जाताना तुम्ही पाहिला होता. तेव्हापासून कडेची जागा थोराड देहाचीच, हा तुमचा निश्चय. राइस मिलमधला पोती तोलायचा काटा तुम्ही मैदानावर आणवलात आणि एकेकीला त्यावर उभे केलेत.

वसतिगृहात राहणारी दरेकशाची एक मुलगी उभी राहिली तेव्हा काटा छत्तीसवर थांबला. तिचे आईवडील जंगलात मजुरीला जात. रोवणीच्या दिवसांत डोक्यावर धानाच्या रोपांच्या पेंढ्या घेऊन ती बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून, भातखाचराच्या बांधावरून, धावत आलेली; मैदानाची पांढरी रेघ तिला धुऱ्याच्या काठासारखीच होती, पाऊल बाहेर पडतच नसे.

"धानाचं पोतं बी इच्याहून भारी असते," तुम्ही म्हणालात.

"पोत्याले पळता येते का, मास्तर?"

सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात, आणि तिला संघाबाहेर ठेवलेत. विंगर म्हणून उभी केलीत ती दवनीवाड्याच्या एका मोठ्या शेतकऱ्याची उंच, भरल्या अंगाची मुलगी. तिचा बाप तुमचा जुना विद्यार्थी होता.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला तीन पावलांत त्रिभुवन व्यापणाऱ्या बटूचे स्मरण करून दिले. देहाच्या मापाने सामर्थ्य मोजू नये, असे माझे प्रतिपादन. भाकरीचा तुकडा मोडीत तुम्ही म्हणालात, "बटू होता तवरिक तो मागूनच राह्यला होता. पाऊल टाकाची येळ आली तवा मोठाच झाला ना?" तुम्ही पुराण कधी मन लावून ऐकत नाही, असे मी उगाच समजत आलो होतो.

आठवड्याने स्वयंपाकघराच्या दाराशी ते पोते दिसले. कोठून आले, असे मी आईला विचारले. "दवनीवाड्याहून," म्हणून ती पोळी उलटवायला वळली. तव्यावर पोळी नव्हती.

त्या दिवसापासून मी तुमच्यावर पाळत ठेवली. पित्यावर पाळत ठेवणे हे कोणत्या पातकात मोडते ते मला ठाऊक होते, तरी ठेवली. घरात आपण तिघे, त्यात मी एकभुक्त, दिवसभर शाळेत आणि रात्री एकदाच जेवणारा. तरीही पोते झपाट्याने उतरत होते. तुम्ही ते वाटून माणसे आपल्या बाजूला वळवीत आहात, इथवर माझ्या मनाची मजल गेली. संध्याकाळी घरी यावे तर स्वयंपाकघरात उदाचा दाट धूर. या अधर्मात निदान आईची भक्ती वाढते आहे, म्हणून मी मनोमन संतोष पावत असे.

संघ नागपूरला निघाला त्या सकाळी ती मुलगी पिशवी भरून एसटीपाशी उभी होती, एखादी आजारी पडली तर आपला नंबर लागेल म्हणून. कोणी आजारी पडले नाही. मी सर्वांदेखत तुम्हाला म्हणालो, "एका पोत्यात जागा विकलीत." तुमची काठी जमिनीवर एकदाच आपटली. "तू पोथी पाह्य. देह मी पाहतो," एवढे बोलून तुम्ही गाडीत चढलात. तिने पिशवी उचलली आणि वसतिगृहाकडे चालू लागली.

पुढच्या वर्षी त्याच काट्यावर ती त्रेचाळीस भरली आणि विंगर म्हणून नागपूरला गेली. रेघ आणि समोरची दांडगी मुलगी यांच्यामधल्या वीतभर फटीतून ती एकदा पार निघून गेली. दोनदा मात्र तीच मुलगी तिला आडवी करून पुढे गेली. आपल्या दोघांचेही म्हणणे अर्धे अर्धे खरे ठरले. मी मात्र समजलो, माझ्या त्या एका वाक्याने तुम्ही शरमलात आणि तिला न्याय मिळाला. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. मग प्रवचनात, सत्य बोलताना पित्याचीही भीड धरू नये हे सांगताना, मी हा दाखला वर्षानुवर्षे देत आलो.

काही वर्षांनी ती घरी आली, वनरक्षकाच्या खाकी गणवेशात. "आजी आहे का?" म्हणून विचारले आणि उत्तराची वाट न पाहता थेट स्वयंपाकघरात गेली. दारामागचा पाट न शोधता ओढला, फळीवरचा तांब्या न विचारता घेतला. आपल्या स्वयंपाकघरात माझ्या सोवळ्याच्या नेमामुळे बाहेरचे कोणी पाऊल टाकीत नसे. मला पुन्हा संशय आला. ती गेल्यावर मी आईला गाठले.

"वर्षभर दुपारी इथंच जेवे ते," आई म्हणाली. "तुह्या बापानं तांदूळ मागून आणला होता तिच्यासाठी. रोज दोन अंडी बी उकडो मी."

"या चुलीवर?"

"मंग कोनत्या? ऊद कायले जाळो मी?"

मला का सांगितले नाही, असे मी विचारले. तिने सुपातल्या तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "तुहा बाप म्हणे, पोथीतल्या बटूसाठी भांडते तो. ह्या बटूले तो घरात घेईन का, याचा भरोसा नाई."

बाबा, मी तुमच्यावर संशय घेतला तेव्हा तुम्हीही माझ्यावर घेतलेला होता. मनाचा एक कोपरा अजूनही कुरकुरतो, की तांदळाची मागणी आणि विंगरची निवड एकाच घरी कशी झाली. तो तेवढा माझ्यापाशी राहू द्या. प्रवचनातला तो दाखला मी सोडला आहे. हा कागद घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवतो आहे, अन्यत्र कोठे पाठवणार. तुम्ही त्या वेळी सांगितले असते तर मी विरोध केला नसता. फक्त तिचे पान ओसरीवर मांडायला सांगितले असते.