वाढत्या मापाचा शर्ट

मी, रंगराव कोंडीराम थोपटे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सायकल दुरुस्ती (आता बंद), राहणार सदाशिव पेठ, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला गल्लीतल्या डॉक्टरांनी दिला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांचा दाखला कायदा मागत नाही. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब टाकायला घरात दुसरं माणूस असावं लागतं.

कलम १. माझी पत्नी मुक्ताई २०१९ च्या श्रावणात वारली. मूलबाळ नाही. माझी राहती दीड खोली धाकट्या भावाचा मुलगा सुदर्शन, राहणार बाणेर, याला द्यावी. विकायची तर खुशाल विकावी, मी बघायला येणार नाही.

कलम २. सुदर्शनला खोलीबरोबर एक सल्लाही देतो. तो नाकारण्याचा त्याला अधिकार आहे, आणि तो अधिकार तो बजावेलच.

गेल्या भाऊबीजेला तो नवी सायकल दाखवायला आला होता. "काका, एका बोटावर उचला!" म्हणाला. उचलली. खरोखर वेताच्या छडीसारखी हलकी. मग तो निघाला आणि मी गॅलरीतून पाहत राहिलो. जाकिटाची चेन उघडी, पाठीवर वारा भरलेला, जसा मांडवाचा पडदा सुटावा. बाळा, वारा सायकलीला कमी आणि माणसाला जास्त अडवतो. सपाटीवर जोरात निघालास की तुझ्या रुपयाभर ताकदीतले चौदा आणे वारा खातो, आणि त्यातले दहा तुझं अंगच त्याला भरवतं. म्हणून आधी कोपर वाकव, पाठ आडवी कर, डोकं खांद्यांच्या मध्ये घे. कपडा केळ्याच्या सालीसारखा अंगाला बसलेला असावा. हेल्मेट लांब शेपटीचं आणलंस, पण मान खाली घातलीस की ती शेपटी आभाळात उभी राहते, मग त्याचा उपयोग टाळू झाकण्यापुरताच. टायर दगडासारखं फुगवू नकोस. आपल्या रस्त्यांवर जरा रुंद, जरा मऊ टायर जास्त पळतं. कडक टायर उड्या मारतं, आणि उडी वर जाते, पुढे नाही. साखळी पुसत जा. हे सगळं फुकट आहे. एवढं झालं की मग महागाची चाकं घे.

हे मला ठाऊक आहे कारण मी उलटं केलं होतं. ते पुढे येईल.

कलम ३. माझी हत्यारं, म्हणजे वाकड्या फिरणाऱ्या चाकाची आउट काढायचा स्टँड, स्पोकच्या चाव्या, फ्रीव्हील खोलायची पकड आणि लाकडी पेटी, हॉस्टेलच्या फुटपाथवर बसणारा शंभू याला द्यावीत. पन्नाशी उलटली तरी तो अजून हातोडीने चाक सरळ करतो. चाव्या मिळाल्यावर तरी हातोडी ठेवेल अशी आशा आहे.

कलम ४. आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी खाली पाटी लावली आहे: 'येथे सायकली लावू नयेत. जागा फक्त वाहनांसाठी आहे.' त्यांना माझी तेलाची कुपी द्यावी. त्यांच्याच कारकिर्दीत सोसायटीचं फाटक सात वर्षं कुरकुरत आहे.

कलम ५. बँकेतल्या शिलकीतून माझा शेवटचा खर्च भागवून जे उरेल ते चौकातल्या वाचनालयाला द्यावं. सातवी नापास माणसाला त्यांनी इंग्रजी शब्दकोश घरी नेऊ दिला. बुधवार पेठेतून मी परदेशी सायकल मासिकं रद्दीच्या भावाने आणायचो आणि तो शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचो. जे काही शिकलो ते तिथेच.

कलम ६. माझी शर्यतीची सायकल आणि तिच्याबरोबर पत्र्याच्या ट्रंकेतला निळा शर्ट, इम्तियाज एजाज तांबोळी, राहणार येरवडा, याला द्यावा. कारण असं.

१९८८ साली इम्तियाज बावीस वर्षांचा होता आणि माझ्या दुकानाच्या नावाने शर्यती मारायचा. त्या डिसेंबरात हडपसर ते यवत आणि परत अशी सत्तर किलोमीटरची शर्यत होती. पहिल्या येणाऱ्याला पिंपरीच्या एका कारखान्यात खेळाडूंच्या जागेवर कायमची नोकरी मिळणार होती. मी महिनाभर झोपलो नाही. वजन, वजन, एवढंच डोक्यात. ब्रेकच्या लिव्हरला, सीटच्या दांड्याला, पुढच्या दातेरी चाकाला भोकं पाडली, सायकलीची चाळण केली. साडेतीनशे ग्रॅम कमी झाले, वाण्याच्या तराजूवर मोजून.

शर्ट मुक्ताईने शिवला. तिने माप घेतलं तेव्हा मी म्हणालो, "वाढत्या मापाचा शिव. दोन बोटं जास्त ठेव."

"अहो, बावीस वर्षांचा घोडा तो, आता काय वाढणार?"

"कापड आटतं. आणि अंग धरलंन् म्हणजे?"

आमच्या घरी सगळं वाढत्या मापाचंच शिवायचे. माझ्या लग्नाचा कोटसुद्धा तसाच, अजून भरलेला नाही. मुक्ताईने दोन बोटं सोडली, पाठीवर पिवळ्या दोऱ्याने दुकानाचं नाव काढलं. चार रात्री बसली होती.

इम्तियाज अर्ध्या चाकाने हरला. सत्तर किलोमीटरनंतर एक फूट. नोकरी दुसऱ्याला गेली.

दुपारी दुकानासमोर, चार गिऱ्हाइकांदेखत, मी बोललो, "सायकल माझी कुठेही कमी पडली नाही. कमी पडलास तो तू. शेवटच्या फर्लांगाला पाय सोडलेस."

तो म्हणाला, "मिस्त्री, पाय माझे होते. मला विचारा."

"विचारायचं काय? मी डोळ्यांनी पाहिलं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेलो तर सायकल भिंतीला टेकवलेली. सीटवर शर्ट, धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेला. इम्तियाज पुन्हा आला नाही. पुढे त्याने येरवड्यात वेल्डिंगचं दुकान काढलं, हे मला लोकांकडून कळलं.

२०११ साली, दुकान बंद केल्यावर, एका मासिकात वाचलं की उतारावरून पॅडल न मारता सायकल सोडायची आणि ती थांबेल तिथे खूण करायची, म्हणजे कशाने किती अडतं ते कळतं. मला माझी भोकं खरी करून दाखवायची होती. कोणाला, ते विचारू नका. तळजाईच्या उतारावर, वारा पडलेला असतो अशा पहाटे, खडू घेऊन गेलो. आधी सायकल नुसती सोडून खूण केली, मग वजनाने किती अडते ते बघायला तिला दोन किलो वाळूची पिशवी बांधली. सायकल अलीकडे थांबायच्या ऐवजी चार पावलं पुढेच गेली. वीस वर्षं छातीशी धरलेला साडेतीनशे ग्रॅमचा मान वाळूने घालवला.

मग ट्रंकेतला तो शर्ट घातला. सहा वेळा सैल सोडून, सहा वेळा पाठीमागे सेफ्टी पिनांनी आवळून. तोच माणूस, तोच शर्ट, तीच सकाळ. सैल शर्ट दर खेपेला एकोणीस-वीस पावलं आधी थांबवायचा. फडफड कानाला ऐकू येत होती. फिरायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "काय आजोबा, पतंग उडवताय का?"

एका उतारात वीस पावलं. सत्तर किलोमीटरमध्ये किती, ते मी मोजलं नाही. एका फुटाहून जास्तच. त्याने पाय सोडले नव्हते. तो माझी दोन बोटं यवतपर्यंत आणि परत ओढत होता.

याला चौदा वर्षं झाली. येरवडा काही विलायतेत नाही. पण माझी जीभ उचलली नाही. म्हणून मेल्यावर सांगायची सोय करत आहे.

कलम ७. इम्तियाजची बायको नसीमबानू दर ईदला मुक्ताईसाठी शीरखुर्मा पाठवायची. नवरे बोलत नव्हते, पण डबा जा-ये करायचा. मुक्ताई गेल्यानंतरच्या ईदलाही तो आला. रिकामा डबा परत देऊ नये, आणि भरायचं काय ते मला कळेना. तो माझ्याकडेच राहिला आहे. काहीतरी घालून परत करावा.

येथवर लिहून मी वरच्या मजल्यावरच्या वकील शेफालीताईंना दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं. म्हणाल्या, "काका, ठीक आहे. आता दोन साक्षीदार हवेत, तुम्ही सही करताना समोर बसणारे. ज्यांना यातलं काही मिळणार आहे, ते शक्यतो नकोत. उद्या कोणी शंका काढायला नको."

"एक डॉक्टर."

"आणि दुसरे?"

मी विचार करू लागलो. पहिली जी पाच नावं आठवली त्यांना मी स्वतः खांदा दिला आहे. चौऱ्याहत्तर वर्षं पुण्यात काढली आणि एक सही करायला दुसरं नाव निघेना. ताई पेन हातात धरून थांबल्या होत्या. मला त्यांची दया आली.

"एक आहे," म्हणालो, "पण त्याला सायकल लिहून दिली आहे."

"मग सायकल तरी द्या, नाहीतर सही तरी घ्या."

म्हणून कलम ६ मधली देणगी मी आडवी रेघ मारून रद्द करत आहे. कारण रद्द करत नाही, ते राहू द्यावं. खोडल्या जागी सही केली आहे. सायकल या मृत्युपत्रात नाही. ती मी शर्टासकट, जिवंतपणी, हाताने देईन. घेतली नाही तर भिंतीला टेकलेली राहील, तिला सवय आहे.

कलम ७ सुद्धा उरकलं. गेल्या मंगळवारी शेंगदाण्याचे लाडू वळून डब्यात घातले आणि बसने येरवड्याला गेलो. दार नसीमबानूंनी उघडलं. डब्याकडे पाहून म्हणाल्या, "आला का हा? आम्ही दुसरा घेतला, भाऊ." मग आत हाक मारली.

इम्तियाजचे केस पांढरे झालेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने लाडू दाताखाली धरला. "मिस्त्री, हे लाडू आहेत की छर्रे?"

"एक सही हवी होती. मृत्युपत्रावर. साक्षीदार म्हणून."

"सगळ्या पुण्यात मीच सापडलो?"

"हो."

त्याने डब्यातून दुसरा लाडू घेतला. "रविवारी येतो," म्हणाला. शर्टाचं मात्र मला तिथेही सांगता आलं नाही. साक्षीदाराला आतला मजकूर वाचायचं बंधन नसतं. पण मी पानं पालथी ठेवणार नाही.

येणेप्रमाणे लिहिलं ते खरं, आणि हेच माझं शेवटचं समजावं. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही. पूर्वी देण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

ठिकाण: सदाशिव पेठ, पुणे
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

(सही) रंगराव कोंडीराम थोपटे

साक्षीदार १: (सही) डॉ. उत्तरेश्वर गवसाने. थोपटे यांनी आम्हा दोघांसमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार २: (सही) इम्तियाज एजाज तांबोळी, येरवडा. सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचला. शर्ट फडफडतोय हे मला हडपसर सोडतानाच कळलं होतं. वहिनींनी शिवला होता, रस्त्यात काढून कसा टाकू? तेच सांगायचं होतं, तुम्ही विचारलं नाहीत. सायकल पाहिली. मागच्या चाकाला आउट आहे, मिस्त्री. काढून ठेवा, पुढच्या रविवारी न्यायला येतो.