पाटीवर ग्रोक

रविवार, १४ जून २०२६, संध्याकाळचे पावणेसहा. टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होतो, ते तसेच टाकून लिहायला बसलो.

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. त्यातून जास्त अर्थ काढू नकोस.

तुझ्या नव्या घरी तुझे मित्र जेवायला आले होते, आठवतं? खुर्च्या भरल्या म्हणून मी दाराशी उभा होतो. तू म्हणालास, आला बघा आमचा ग्रोक. सगळे हसले, वहिनीसुद्धा. मीही हसलो. नंतर अर्थ विचारला तर म्हणालास, जुना इंग्रजी शब्द आहे, नजरेचा पक्का माणूस. पाट्या रंगवणाऱ्याला याहून मोठी शाबासकी कुठली? दुकान उघडताना हेच नाव ठेवलं. चूक नको म्हणून फोन करून स्पेलिंग विचारलं, दोनदा. तूही एकेक अक्षर सावकाश सांगितलंस. तो सावकाशपणा मी विसरणार नाही, दादा. वर उद्घाटनाला आलास, पाटीखाली उभं राहून फोटो काढलास, माझी पाठ थोपटलीस. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

गेल्या आठवड्यात एक बाई दारावरची पाटी करून घ्यायला आल्या. इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. वर बघून म्हणाल्या, अरे, हे नाव कुठल्या शत्रूनं सुचवलं? मी म्हटलं, सख्ख्या भावानं.  मग त्यांनी सांगितलं: दुसरा जेवत असताना, आपल्यालाही बोलावतील या आशेनं त्याच्याकडे टक लावून बघत राहायचं, त्याला हा शब्द. कुत्र्यांना आणि पोरांना लावायचे म्हणे.

शब्द खोटा नाही, म्हणून तर झोंबला. तुझी परीक्षा म्हणून घरातलं एकुलतं अंडं तुला मिळायचं आणि मी उंबऱ्यावरून बघायचो. आई म्हणायची, बघू नकोस रे, त्याला पचायचं नाही. फीसुद्धा एकाचीच भरता आली, तीही तुझीच. मी कधी काही मागितलं नाही, नुसतं बघितलं. तर तू त्यालाही नाव शोधून काढलंस.

आता पत्राचं कारण. तुझी नोकरी गेल्याचं वहिनीनं सांगितलं होतं. काल तुझा निरोप आला, दुकानाची जागा आईची होती, आता ती नाही, तेव्हा अर्धी तुझी, पुढच्या रविवारी बोलायला येतोस. जागा आईनं जिवंतपणीच माझ्या नावावर केली. म्हणाली, त्याचं जेवून झालंय. तरी ये. पाटी उतरवलेली नाही, उलट रंगाचा दुसरा हात दिलाय. तुला ताट वाढीन, पोटभर जेव. फक्त माझ्या ताटाकडे बघू नकोस. बघणाऱ्याला काय म्हणतात ते दारावरच लिहिलंय.

तुझाच, तूच बारसं केलेला,
धाकटा

पाटीचा पत्रा आणि रंग: अकराशे चाळीस, दिले.
रंगाचा दुसरा हात: दोनशे दहा, दिले.
तुला देणं: एक जेवण. बाकी काही नाही.