चहा नको म्हटलं म्हणून

उमरठ,
नोव्हेंबर १९८१

प्रिय अहो,

नाव लिहायला हात धजत नाही, तेव्हा हेच चालवून घ्या. भाताची झोडणी झाली, आईंच्या खोकल्याची ढास थांबली. पाणी हल्ली त्याच भरतात. मी विहिरीकडे निघाले की कळशी हातातून ओढून घेतात. तुम्हाला वाटेल, सासू-सुनेचं छान जमलं. जमलंय हो, पण ज्या कारणाने जमलंय, तेच सांगायला हे पत्र.

सकाळी उठल्या उठल्या मी चहा नको म्हणते. आईंनी चार दिवस पाहिलं आणि एकदा कप परत नेताना माझ्या गालावरून हात फिरवला. "च्या नको वाटतो, नाय गो? कळलं हाय मला." मी गप्प राहिले. ते गप्प राहणं होकार म्हणून वाडीभर फिरलं. शेजारच्या सोनाबाई लिंबाचं लोणचं देऊन गेल्या आणि मी निर्लज्जासारखं ते चवीने खाल्लं.

खरं असं, की पहाटे अनशापोटी मी थायरॉईडची गोळी घेते आणि त्यावर अर्धा तास चहा घ्यायचा नसतो. मुंबईला नर्सिंग शिकताना माझ्या गळ्याची सूज मेट्रनबाईंनी हेरली. गोळी बहुधा जन्मभराची. या दुखण्याने पाळीही मागेपुढे होते, म्हणून मला दिवस गेलेत यावर आईंना शंका आली नाही. लग्न मोडेल म्हणून माझ्या आईने तोंड बंद ठेवायला लावलं, आणि मी ठेवलं. परवा ड्युटीवर असताना दवाखान्यात आलेल्या तुळसा नावाच्या पोरीला हीच गोळी देताना मी केवढ्याने खडसावलं, की यात लाजायचं काय, डबी उघड्यावर ठेव! माझी मात्र पावडरच्या डब्यात पुरलेली. माझी मलाच लाज वाटते.

काल तुमचं पत्र आलं. आईंनी कुणाकडून तरी लिहवून तुम्हालाही कळवलं होतं तर! पाळणा घेतलात, पुढच्या रविवारी रजा काढून येताय. म्हणून घाईने लिहितेय. बाळ नाही. औषध नीट घेतलं तर पुढे होऊ शकेल, हे नर्स म्हणून सांगते. तरीही मी तुम्हाला हवी आहे का, हे बायको म्हणून विचारायला जीभ रेटत नाही. आईंना मी आजच सांगणार आहे, तुमच्या पाठीमागे लपून नाही. पाळणा आणू नका. तुम्ही मात्र या.

अजून म्हणू देत असाल तर,
तुमचीच
ललिता