रेखाच्या फाईली आणि दुसरी रॅम

मंगळवार, संध्याकाळ

दुपारभर कॉम्प्युटरची मेमरी तपासत बसलो. एक रॅम काढून दुसरी, असं आलटून पालटून. पहिलीवर एकही चूक नाही. दुसरी लावली आणि दहा मिनिटांत स्क्रीनवर चुकांच्या लाल ओळी. तीच रॅम दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. पुन्हा लाल ओळी.

म्हणजे रॅमच फाईली बिघडवत होती आणि रेखा खरं बोलत होती. दिवाळीपासून सांगत होती, "मी नीट सेव्ह करते, तरी फाईल बिघडते." आणि मी, नवरा, घरातला जाणकार, म्हणत राहिलो, "तूच काहीतरी दाबत असशील." पाहुण्यांसमोरसुद्धा बोललो. काहून?

सोमवारी तिला प्रबंध द्यायचा आहे. खैरलांजीकडच्या धानाच्या जाती, चार वर्षांचं काम. पेनड्राइव्हवरच्या प्रतीही याच कॉम्प्युटरवरून गेलेल्या. शेजाऱ्यांचा लॅपटॉप आणून त्यावर उघडून पाहिल्या. चार प्रकरणं शाबूत. पाचव्याची एकही प्रत उघडत नाही.

तिला त्या लाल ओळी दाखवल्या. म्हटलं, "चूक माही होती. तुह्यावर उगाच..."

ती म्हणाली, "तवाच ऐकलं असतं त पाचवं वाचलं असतं."

"हौ."

तिने गावोगावी लिहिलेल्या वह्या काढल्या आणि लॅपटॉपपुढची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "मी सांगते, तुमी टाईप करा. अन् मधात शिकवू नका."

आत्तापर्यंत तीन पानं झाली. एका शब्दाची मला शंका आली होती. तिने सांगितला तसाच टाईप केला.