अव्वा, क्रीम लाव

११ ऑगस्ट, सोमवार
आजपासून घर डासमुक्त करणार. मुदत एकवीस दिवस. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून ही जबाबदारी माझीच. शिवाय बी.एस्सी.ला डासांच्या प्रश्नाला मला वीसपैकी सोळा मार्क होते. आमच्या कुंभारी गावात दोन गल्ल्या पलीकडं डेंग्यूचे पेशंट निघालेत, आणि अव्वा, म्हणजे माझी आई, दिवसभर अंगणात बिड्या वळत बसते. आत बसत नाही, कारण खोली एकच, तंबाखूच्या वासानं माझं डोकं चढतं आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास होत नाही. हे तिनं आपणहून ओळखलं. (मी एकदाच बोलले होते. फार तर दोनदा.)
डास पळवायची क्रीम आणली. संध्याकाळी सहाला लावायची, असं टाइमटेबल दारावर चिकटवलं.

१२ ऑगस्ट
क्रीम लावली. हाताला, पायाला, मानेला. अव्वा लहान मुलीसारखी हात पुढं करून बसली होती. वास घेऊन म्हणाली, लई भारी हाय की, लग्नाला निघाल्यागत वाटतंय. शेजारच्या जमीलाचाची तिच्यासोबतच बिड्या वळायला बसतात. त्यांनी मला विचारलं, क्या मास्टरनी, मच्छरां की भी हाजरी लेती क्या? दोघी खूप हसल्या. जागृतीची सुरुवात हसण्यातूनच होते.

१४ ऑगस्ट
अनपेक्षित अडचण. अव्वा कारखान्यात माल द्यायला गेली, तर तिथल्या चेकरनं तिच्या बिड्या हुंगल्या आणि सगळ्या बाजूला टाकल्या. बिडीला अत्तर लावतीस काय, म्हणाला. पुन्हा असं झालं तर काम बंद. अव्वानं हे सांगितलंच नाही, चाचींकडून कळलं. चेकर अडाणी आहे, असं मी तिला समजावलं. ती व्हय म्हणाली आणि राखेनं हात घासत राहिली.

१५ ऑगस्ट
नवा प्लॅन. क्रीम फक्त पायाला. हात साडीच्या पदरानं झाकायचे. (वळताना पदर घसरतो. अव्वानं सवय करायला हवी.)

२० ऑगस्ट
अंगणात कडुलिंबाचा धूर केला. दोघी खोकत राहिल्या. धूर खोलीत यायला लागला म्हणून मी दार लावून घेतलं. सलग चार तास अभ्यास. समाधानकारक.

२५ ऑगस्ट
अव्वाला कणकण. अंग मोडून आलंय. विचारलं, रोज सहाला लावत होतीस ना? व्हय म्हणाली. म्हणजे डेंग्यू असणं शक्य नाही. तापाची गोळी दिली. ती बिड्यांचं सूप घेऊन बाहेर जाऊन बसली.

२८ ऑगस्ट, दवाखाना
डेंग्यूच.
डॉक्टरांना मी सांगितलं, आम्ही रोज संध्याकाळी क्रीम लावत होतो. ते म्हणाले, हा डास दिवसा चावतो.
मला माहीत होतं. पेपरात मीच ते वाक्य लिहिलं होतं, खाली रेघ मारून.
मग त्यांनी अव्वाला विचारलं, दिवसभर बाहेर कशाला बसता? अव्वानं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, आत लई उकडतंय, सायेब.

३० ऑगस्ट
प्लेटलेट अजून उतरतायत. चाची डबा घेऊन आल्या. मी म्हटलं, आपल्या गल्लीत जागृती कमी पडली. चाचींनी डबा उघडला, पोळी मोडली, अव्वाला भरवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, माँ को अंदर तो बिठाना था, बेटा.
मी डब्याचं झाकण पुसत बसले.

८ सप्टेंबर
अव्वा घरी आली. निम्मी झालीये. बोटांत जोर नाही. पाच बिड्या वळल्या की हात मांडीवर ठेवून थांबते. तिची चटई मी आत पंख्याखाली घातली. म्हटलं, आता तू आत, मी बाहेर. कायमचं. ती म्हणाली, तुजा पेपर तोंडावर आलाय की गं. मी ऐकलं नाही.

९ सप्टेंबर, सकाळी
दहाला पुस्तक घेऊन अंगणात बसले. हाताला, पायाला, मानेला क्रीम. डास कानाशी आले, पापण्यांवर बसले. अकरा मिनिटं झाली. आत आले, फक्त पाणी प्यायला. पाणी पिऊन भिंतीला टेकले. तंबाखूचा वास भरला होता, माझा हात कपाळाला गेला असावा. मुद्दाम नाही.
अव्वानं पाहिलं. सूप कमरेला लावलं आणि भिंत धरून उठली.
थांब म्हणायला मी तोंड उघडलं होतं.
दार तिनंच बाहेरून हळूच ओढून घेतलं.