उजवा हातमोजा

४ जानेवारी
पोचले एकदाची! मिनेसोटाच्या इतक्या उत्तरेला की पलीकडे लगेच कॅनडा. व्हिसाच्या अटीप्रमाणे तीन वर्षं डॉक्टर म्हणून अशाच एखाद्या, डॉक्टर कमी असलेल्या गावात काढायची होती. शॉमबर्गच्या शहरी वस्तीतून निघताना माझी मैत्रीण अनया म्हणाली होती की रडत परत येशील. पण इथे चक्क मराठी माणसं भेटली. गुरुनाथकाका इथल्या कागद कारखान्यात इंजिनियर होते, आता रिटायर झालेत. त्यांनी आणि आसावरीकाकूंनी मला त्यांचं बेसमेंट भाड्याने दिलंय. बेसमेंटला नदीच्या बाजूला वेगळं काचेचं दार आहे, आणि त्याच्या शेजारूनच बाहेरचा जिना वर त्यांच्या घरात जातो. बाहेर उणे बावीस, आणि आत काकूंची गरम आमटी.

११ जानेवारी
नदीवर ट्रक चालताना आज पाहिले. नदी गावाच्या मधूनच वाहते; हॉस्पिटल पलीकडच्या काठाला आहे आणि पुलाने गेलं तर मोठा वळसा पडतो, म्हणून हिवाळ्यात सगळं गाव बर्फावरून जातं. रस्ता कळावा म्हणून दोन्ही बाजूंना जुनी ख्रिसमसची झाडं रोवून ठेवतात. काकांनी मला हाताला धरून चालवत नेलं. झाडांच्या बाहेर पाऊल टाकू नकोस, असं त्यांनी तीनतीनदा बजावलं. उजवीकडे एक ओढा नदीला मिळतो. तिथे खालून पाणी जोरात वाहतं, त्यामुळे बर्फ वरून सारखाच दिसला तरी पातळ असतो. मी हसून म्हटलं की बाबासुद्धा एवढं सांगत नाहीत. काका खूश झाले.

२ फेब्रुवारी
आठवडाभर हवा विचित्र आहे. चक्क पाऊस पडला. बर्फावर पाणी साचलंय. इथल्या पोलीसप्रमुखाने, म्हणजे शेरीफने, बर्फावरचा रस्ता बंद केलाय, सगळे पुलाने जातात. काका म्हणाले, उद्यापासून मीच तुला सोडत जाईन.

४ फेब्रुवारी
हे लिहायलाच हवं. बोलणं मला जमणार नाही.

काल मी उशिरा उठले. काकांना सोडायला सांगायचा संकोच वाटला, गाडी सुरू होईना, आणि ओपीडीत पेशंट थांबले होते. मी बर्फावरून निघाले. ओढ्याच्या बाजूने अंतर कमी पडतं म्हणून झाडांच्या बाहेरून गेले. मागून काकांच्या हाका ऐकू आल्या. ओरडा बसेल म्हणून मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि भराभर चालले. मला गाठायला काका ओढ्याच्या तोंडावरून आडवे धावले असणार. मग हाका थांबल्या.

मागे वळले तर काका छातीपर्यंत पाण्यात. मी बर्फावर पालथी पडून हात दिला. त्यांनी तो धरला. घट्ट. माझ्या पोटाखालचा बर्फ वाकायला लागला, बाही भिजली. आणि मी हात ओढून घेतला.

हातमोजा त्यांच्या मुठीत राहिला.

मी पळाले. घराकडे नाही, हॉस्पिटलकडे. फोन खिशात होता. कोणालाही फोन केला नाही. हात धुतले आणि पेशंट बघायला बसले. दुपारी काका नदीत बुडाल्याची बातमी आली तेव्हा मीसुद्धा इतरांसारखं तोंडावर हात ठेवला.

९ फेब्रुवारी
शेरीफच्या माणसांनी बर्फ कापला, पण फक्त टोपी मिळाली. म्हणतात, आता बर्फ फुटेल तेव्हाच सापडतील. कोणी काही पाहिलं का, असं मलाही विचारलं. नाही म्हटलं. इतक्या सहज म्हटलं.
काकूंनी डबा पाठवला होता. वर चिठ्ठी: ‘तूही जेवली नसशील.’
जेवले. सगळं जेवले.

२० फेब्रुवारी
काकू म्हणाल्या, “हे रोज दुपारी चहाला येतात.” मी डॉक्टरी आवाजात समजावलं की शोकात असं होतं. त्यांनी मान हलवली. टेबलावर दोन कप होते, दोन्ही रिकामे. दुसऱ्या खुर्चीखाली पाणी साचलं होतं, आणि ओल्या लोकरीचा वास.
मीच ते पाणी पुसलं. बर्फासारखं गार होतं.

२७ फेब्रुवारी
काकूंनी मला एक हातमोजा विणून दिला. एकच. उजव्या हाताचा.
“हे म्हणाले, नीलांबरीचा एक हरवलाय, बोटं गारठत असतील तिची.”
कोणालाही ठाऊक नाही. माझ्याशिवाय कोणालाही –
काकूंच्या डोळ्यांत संशय नव्हता. त्यांनी स्वतः तो माझ्या हातात चढवला.

५ मार्च
दुपारी दाराशी पावलं. थबथब. काचेपलीकडे काका. ओठ निळे, दाढीत बर्फ. रागावलेले नव्हते. वाकून, हळू आवाजात, जसं एखाद्या लहान मुलीला –
“मी काही सांगितलं नाही हं.”
आणि जिन्याने वर गेले. वर काकू हसल्याचा आवाज आला.
शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

१२ मार्च
रोज येतात. रोज तेच सांगून वर जातात. मी पडदा लावते, तरी ऐकू येतं. अनयाचा फोन उचलत नाही. पेशंटची नाडी बघताना हात मागे घेते.

१९ मार्च
नदी कडाडतेय. बर्फ फुटतोय.
आज काकूंना सांगितलं. सगळं. हाका, हात, खिशातला फोन.
मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं. पण त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या,
“मी रोज विचारत होते, तुम्ही तिकडे गेलात कशाला. म्हणालात, चुकलं माझं. खोटं बोललात माझ्याशी. हिच्यासाठी.”
दुसरा कप उचलून सिंकमध्ये ठेवला. जिन्याच्या दाराला कडी घातली.
मी सुटण्यासाठी सांगितलं. आणि काकांचं घर –

२० मार्च
दुपार. ते आले. वर गेले. दार वाजवतायत. आसावरी, आसावरी. काकू उघडत नाहीत.
नदीवर मोठमोठे तुकडे एकमेकांवर चढतायत. त्या आवाजातही ऐकू येतंय. गारठलोय गं. उघड.
काकू रडतायत. उघडत नाहीत.

थांबलं.

जिना उतरतायत. हळू. थबथब.
त्यांना जायला दुसरं घर नाही. होतं ते माझ्यामुळे गेलं.
माझ्या दाराशी. काही बोलत नाहीत. आज काही बोलत नाहीत. काचेवर हात ठेवलाय, उघडा पंजा.
उघडायला हवं. या वेळी तरी मी हात –